धूर, अग्नी आणि ओलं लाकूड

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत दोन वर्षांपूर्वी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उभे राहिले. टाकीखालच्या बीमचं काँक्रीट सुटलं आहे, आतली सळई उघडी पडून गंजली आहे, हे त्यांनी स्वतः वर जाऊन पाहिलं होतं. मोबाइलवर फोटोही काढले होते. ते फोटो दाखवायला पुढे येणार, एवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "आधी चौदा महिन्यांचा थकलेला मेंटेनन्स भरा, मग टाकीबद्दल बोला." सभेत हशा पिकला. गृहस्थ खाली बसले आणि सेक्रेटरींनी पुढचा विषय घेतला. त्या हशात मीही होतो.

जिना चढताना मला त्या हशाची लाज वाटू लागली. थकबाकीची गोष्ट खोटी नव्हती. पण थकबाकीमुळे सळई गंजत नाही, आणि थकबाकी भरली म्हणून गंज उतरतही नाही. चाळीस शहाण्यासुरत्या माणसांनी मिळून एका गोष्टीचं उत्तर म्हणून दुसरीच गोष्ट स्वीकारली होती, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. वाक्य खरं होतं, म्हणून ते उत्तर आहे असं सगळ्यांना वाटून गेलं. तेव्हापासून मी हे न्याहाळत आलो आहे, आणि माझी खात्री झाली आहे की आपल्या वादांमध्ये खोटी विधानं जेवढं नुकसान करतात, त्यापेक्षा जास्त नुकसान खरी पण गैरलागू विधानं करतात. खोटं विधान आज ना उद्या पकडलं जातं. खरं विधान मात्र चुकीच्या जागी ठेवलं की त्याच्या खरेपणाकडेच सगळे पाहत राहतात, आणि ते तिथे का ठेवलं हे विचारायचं राहून जातं.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुन्या काळी विचारला गेला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. नेहमीचा दाखला डोंगरावरच्या धुराचा. डोंगरावर अग्नी आहे. कारण तिथे धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. हा डोंगरही तसाच धूर असलेला. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. वरवर पाहिलं तर एवढ्या साध्या गोष्टीसाठी पाच वाक्यांचा खटाटोप कशाला, असं वाटतं. पण सगळी मेख तिसऱ्या वाक्यात आहे. धूर आणि अग्नी यांचं जे अतूट साहचर्य तिथे गृहीत धरलं आहे, त्याला नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, व्याप्ती म्हणतात. ती पक्की असेल तरच हेतूवरून निष्कर्षापर्यंत जाता येतं. म्हणून ते नुसतं स्वयंपाकघर दाखवून थांबले नाहीत, सरोवरही दाखवत: तिथे अग्नी नाही आणि धूरही नाही. होकार देणारं उदाहरण कुणालाही सापडतं. नकार देणारं मुद्दाम शोधावं लागतं, आणि आपण नेमकं तेच टाळतो.

आता हेच वाक्य उलटं करून पाहा. जिथे अग्नी तिथे धूर. कानाला तेवढंच बरोबर वाटतं, पण ते चूक आहे. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का होतो? लाकूड ओलं असतं म्हणून. ओलं लाकूड ही ती न सांगितलेली अट. न्यायशास्त्रात तिला उपाधी म्हणतात. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. आज मराठीत आपण तो पदवीसाठी किंवा कटकटीसाठी वापरतो, पण त्याचा हा जुना अर्थ रोजच्या वापरात परत आला तर आपले निम्मे वाद सुधारतील. कुणी 'अमुक आहे म्हणून तमुक होतं' असं म्हणालं की विचारायचं: इथे ओलं लाकूड कोणतं?

विधान खरं असणं आणि युक्तिवाद बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला मराठीतला एक शब्दच पुरतो: देवमासा. 'सगळे मासे पाण्यात राहतात, देवमासा पाण्यात राहतो, म्हणून देवमासा हा मासा.' इथे पहिली दोन्ही विधानं खरी आहेत, तरी निष्कर्ष निघत नाही. कारण पाण्यात राहणारे सगळे मासेच असतात असं कुणी म्हटलेलंच नाही. आता दुसरा युक्तिवाद: 'पाण्यात राहणारा प्रत्येक प्राणी मासा असतो, देवमासा पाण्यात राहतो, म्हणून देवमासा हा मासा.' याची बांधणी निर्दोष आहे. पहिलं विधान मान्य केलं की निष्कर्षापासून सुटका नाही. पण ते पहिलं विधानच खोटं आहे. देवमासा फुप्फुसाने श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो. दोन्ही युक्तिवाद एकाच चुकीच्या ठिकाणी पोहोचतात, पण त्यांचे आजार वेगळे आहेत आणि औषधंही वेगळी. पहिल्याला माहिती देऊन उपयोग नाही, त्याची सांधेजोड दाखवावी लागते. दुसऱ्याला तर्कशास्त्र शिकवून उपयोग नाही, त्याला समुद्रावर न्यावं लागतं. घरातले कितीतरी वाद तासन्‌तास चालतात ते यामुळेच: एकजण माहिती पुरवत राहतो आणि दुसऱ्याची अडचण माहितीची नसतेच.

हे सगळं कुणाला पुस्तकी वाटेल, म्हणून मुंबईतल्या प्रयोगशाळेवर आलेल्या एका आरोपाची हकिकत सांगतो. तीत एका माणसाचं आयुष्य पणाला लागलं होतं.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ओडेसात जन्मलेले वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. आज ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून आपल्याला माहीत आहे. १९०२ मध्ये पंजाबात लसीकरणाची मोठी मोहीम निघाली. ३० ऑक्टोबरला मुलकोवाल नावाच्या गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. या एकोणीस जणांना ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाकीच्या चार बाटल्यांमधली लस घेतलेल्या कुणालाही काही झालं नाही.

चौकशी समिती नेमली गेली. समितीसमोर एक ठळक गोष्ट आली. लस लवकर आणि भरपूर बनवता यावी म्हणून हाफकिन यांच्या प्रयोगशाळेने पद्धतीत बदल केला होता, आणि त्या बदलात कार्बोलिक ॲसिड घालण्याची पायरी गळली होती. आता जोडणी पाहा. प्रयोगशाळेत पद्धत बदलली. त्यानंतर माणसं मेली. म्हणून बदलामुळे माणसं मेली. 'नंतर' हा शब्द 'मुळे' या शब्दाच्या जागी कधी येऊन बसला ते कळतही नाही. समितीने दोष मुंबईकडे दिला, बाटली मुलकोवालला उघडण्याआधीच लस दूषित झाली होती असं ठरवलं, आणि हाफकिन यांच्यावर बालंट आलं. त्यांना पद सोडावं लागलं.

समिती मूर्ख नव्हती, हे आवर्जून सांगायला हवं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स तिचे अध्यक्ष होते. आणि 'प्रयोगशाळेत दूषित झाली असेल, तर माणसं धनुर्वाताने मरतील' हे वाक्यही खरंच होतं. चूक पुढच्या उडीत होती: माणसं धनुर्वाताने मेली, म्हणून प्रयोगशाळेतच दूषित झाली. हा अग्नीवरून धुराकडे जाणारा उलटा रस्ता आहे. माणसं त्याच धनुर्वाताने मरायला दुसरंही कारण पुरेसं होतं, आणि ते साक्षीपुराव्यात डोळ्यांसमोर होतं. बाटली उघडण्याआधी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो आगीवर धरून नव्हे तर नुसता जंतुनाशकात बुचकळून वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू राहतात ते मातीतच.

हाफकिन यांच्या बाजूने जो युक्तिवाद पुढे आला, तो मला रोजच्या वापरासाठी शिकण्यासारखा वाटतो. जंतू मुंबईतच बाटलीत शिरले असते, तर मुलकोवालला पोहोचेपर्यंतच्या काळात ते आत वाढले असते, आणि अशा बाटलीला दुर्गंधी येतेच. बाटली उघडताना तसा वास आला नव्हता. शिवाय आत वाढलेल्या जंतूंचं तयार विष शरीरात गेलं असतं, तर आजार लवकर दिसायला हवा होता. तो दिसायला आठवडाभर लागला. याचा साचा असा: अमुक घडलं असतं तर तमुक दिसलंच असतं, तमुक दिसलं नाही, म्हणून अमुक घडलं नाही. हा साचा पक्का आहे. यावर हल्ला करायचा तर 'दिसलंच असतं' यातल्या 'च' वर करावा लागतो, म्हणजे वास न येताही जंतू वाढू शकतात हे दाखवावं लागतं. माणसावर, त्याच्या देशावर, धर्मावर हल्ला करून काही साधत नाही. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मधून हे मांडलं आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. मधली चार-पाच वर्षं मात्र गेली ती गेलीच.

आपली म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. ती वापरून आपण दुसऱ्याचा कार्यकारणभाव मोडीत काढतो. पण मुलकोवालच्या गोष्टीने मला म्हणीची दुसरी बाजूही दाखवली. कावळा निर्दोष ठरला तरी फांदी कशाने तुटली हे शोधायचं उरतंच. 'योगायोग' म्हणून हात झटकणं हासुद्धा एक निष्कर्षच असतो, आणि त्यालाही पुरावा लागतो. हाफकिन यांच्या बाजूने बोलणारे योगायोगावर थांबले नाहीत. त्यांनी चिमट्यापर्यंत माग काढला.

एकच हेतू एका ठिकाणी अगदी पक्का असतो आणि दुसऱ्या ठिकाणी पोकळ ठरतो, याचं सर्वांत सुंदर उदाहरण मला हळदीच्या पेटंटमध्ये सापडलं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक होते. सीएसआयआरने या पेटंटला आव्हान दिलं, ३२ संदर्भ सादर केले, त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते तसा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा शोधनिबंधही होता, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आपल्याकडे ही घटना 'बघा, आपल्या पूर्वजांचं ज्ञान अमेरिकेने मान्य केलं' अशी सांगितली जाते. नीट पाहिलं तर तसं घडलेलं नाही. पेटंट कार्यालयापुढचा प्रश्न 'हळद गुणकारी आहे का' हा नव्हताच. प्रश्न होता, 'हे नवीन आहे का?' आणि नवीन आहे की नाही हे ठरवायला 'हे फार जुनं आहे, इथे लिहून ठेवलेलं आहे' यापेक्षा चांगला हेतू कोणता असणार! प्राचीनता तिथे अगदी चपखल बसते. तोच हेतू घेऊन आपण वैद्यकाकडे गेलो आणि म्हणालो, 'हजार वर्षं लोक वापरतात, म्हणून गुणकारी आहे', तर तो बसत नाही. हजार वर्षं लोकांनी निरुपयोगी गोष्टीही वापरल्या आहेत. आणि लगेच हेही सांगतो की हेतू बसत नाही म्हणून हळद निरुपयोगी ठरत नाही. तिच्या जंतुनाशक गुणांचा अभ्यास प्रयोगशाळेत झालेला आहे, आणि तो हेतू वेगळा आहे. कच्च्या कारणाने मांडलेली गोष्ट खरी असू शकते. माझ्या आईची निम्मी शहाणी वाक्यं अशी होती: सल्ला योग्य, कारण चुकीचं. तरुणपणी मी तिचं कारण खोडायचो आणि सल्ला मोडल्याचा आनंद मानायचो. तो माझा हेत्वाभास होता, म्हणजे हेतूसारखं दिसणारं पण फसवं कारण, आणि तिच्यापेक्षा मोठा, कारण ती निदान बरोबर ठिकाणी पोहोचलेली असायची.

तर्कदोषांची नावं पाठ करणाऱ्या तरुण मित्रांना मी हेच सांगतो. नाव घेतलं म्हणजे काम झालं असं नाही. काही दोष तर असे आहेत, की एका ठिकाणी ते दोष असतात आणि दुसऱ्या ठिकाणी रास्त युक्तिवाद. आमच्या सभेतला टोमणाच घ्या. टाकीबाबत तो गैरलागू होता, कारण सळई कुणीही जाऊन पाहू शकत होतं. पण त्याच गृहस्थांनी 'खजिनदारांना मी पैसे घेताना पाहिलं, माझ्याशिवाय साक्षीदार नाही' असं म्हटलं असतं, तर त्यांची विश्वासार्हता विचारणं अगदी योग्य ठरलं असतं. तिथे पुरावा म्हणजे त्यांचा शब्दच. आपल्याकडे शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह माणसाचा, शब्द. आणि आप्त कोण, हे पारखावं लागतं. माणूस पाहायचा की नाही, हे तो काय सांगतो आहे यावर ठरतं.

१८९१ च्या संमतिवयाच्या वादात हे सगळं एकाच वेळी दिसतं. बेहरामजी मलबारी या पारशी पत्रकाराने १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लेखणी चालवली होती. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणीचा खटला गाजला: दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली, पण वय दहाच्या वर असल्याने तो कायद्याच्या लेखी बलात्कार ठरत नव्हता. सरकारने ही मर्यादा दहावरून बारावर नेण्याचं विधेयक आणलं. मलबारींना मिळालेलं एक उत्तर होतं: हा पारशी, हिंदूंच्या घरात याचं काय काम? मुलीच्या शरीराला काय होतं हे सांगणाऱ्याचा धर्म विचारणं म्हणजे सळई दाखवणाऱ्याची थकबाकी विचारणंच. 'हिंदू धर्मशास्त्रात काय आहे' असा प्रश्न असता, तर सांगणाऱ्याचा अधिकार विचारता आला असता. तो प्रश्नही निघालाच, आणि त्याचं उत्तर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी ग्रंथांच्या आधारे दिलं. मग त्यांच्याशी वाद झाला तो ग्रंथांवर, त्यांच्या जातकुळीवर नव्हे. वाद असा योग्य जागी झाला, की कुणीही जिंको, वाचणाऱ्याच्या हाती काही लागतं.

टिळक या विधेयकाच्या विरोधात होते, म्हणून 'टिळकांना बालविवाह हवे होते' असं आज सर्रास म्हटलं जातं. ही साप म्हणून भुई धोपटण्याची रीत. मुलीचं लग्न सोळाच्या आणि मुलाचं विसाच्या आत करू नये, आणि हे सुधारकांनी आधी स्वतः पाळावं, अशी सूचना १८९० मध्ये टिळकांनीच केली होती. त्यांचं म्हणणं होतं, की परक्या सरकारने यात कायद्याने पडू नये. त्याला विरोध करायचा तर या म्हणण्यालाच करायला हवा. मी तो करतो. 'परक्या सरकारने करू नये' या हेतूवरून फार तर 'दुसऱ्या कुणीतरी करावं' एवढं निघतं. आणि दुसरं कुणी करेपर्यंत दहा वर्षांच्या मुलीने काय करायचं, या प्रश्नाला त्यात उत्तर नाही. आगरकरांनी 'सुधारक'मधून विधेयकाची बाजू घेतली, आणि माझ्या मते ते बरोबर होते. पण टिळकांच्या तोंडी न केलेलं विधान घालून आगरकरांना बरोबर ठरवणं हा आगरकरांचाही अपमान आहे.

विरोधकांचा आणखी एक युक्तिवाद होता, आणि तो मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. आज बारा म्हणता, उद्या आणखी पुढे जाल; एकदा हात आत शिरला की थांबणार नाही. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, हाच तो विचार. तर्कशास्त्राची पुस्तकं अशा युक्तिवादाला निसरड्या उताराचा दोष म्हणतात आणि पुढे जातात. पण इतिहासात काय झालं? १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा केलं. १९४९ मध्ये ते पंधरा झालं. १९७८ मध्ये अठरा. म्हणजे विरोधकांचं भाकीत खरं ठरलं. कायदा बारावर थांबला नाही.

मग ते बरोबर होते का? नाही. कारण या युक्तिवादाला दोन पाय असतात. पहिला: या पायरीनंतर पुढची येईल. दुसरा: ती पुढची पायरी वाईट आहे. आपलं सगळं भांडण पहिल्या पायावर चालतं, येईल की नाही येईल यावर. दुसरा पाय न तपासताच मान्य होतो. अठराव्या वर्षी लग्न ही ज्यांना खाई वाटत होती, त्यांना उतार दिसला. आज आपल्याला तीच चढण वाटते. शिवाय पहिली पायरी चढली म्हणून दुसरी आपोआप आली असंही झालेलं नाही. प्रत्येक पायरीला नव्याने वाद झाला, नव्याने कायदे करावे लागले, आणि शारदा कायदा मांडणारे हरबिलास शारदा तर भारतीयच होते. म्हणून कुणी 'आज हे, उद्या ते' म्हणालं की मी आता 'उद्या ते होणार नाही' असं घाईने म्हणत नाही. आधी विचारतो: ते झालं तर नक्की काय बिघडेल?

सरसकटीकरणाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते सगळ्यांना ओळखता येतं. शितावरून भाताची परीक्षा करता येते, याला कारण आहे. सगळी शितं एकाच भांड्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. तरी तळाचा भात करपलेला असू शकतो, हे शीत वरून उचलणाऱ्याला कळत नाही. माणसं एका भांड्यात शिजत नाहीत. 'आमचे काका जन्मभर तंबाखू खात होते, नव्वद वर्षं जगले' हे शीत वरून उचललेलं आहे. ज्यांचे काका पन्नाशीत गेले, त्यांच्या घरी हे वाक्य कुणी बोलत नाही, म्हणून ते आपल्या कानावर येत नाही. दहावी-बारावीच्या निकालानंतर चौकाचौकांत लागणारे क्लासचे फलक पाहा. पन्नास गुणवंतांचे फोटो असतात. एकूण किती मुलांनी फी भरली होती, हा आकडा नसतो. आणि त्या पन्नासांची निवड प्रवेशपरीक्षा घेऊन केलेली असेल, तर यश क्लासचं की आधीच हुशार असलेल्या मुलांचं? ओलं लाकूड तिथे आहे. ज्या आईबापांनी कर्ज काढून फी भरली, त्यांच्या बाजूने हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं. तर्कशास्त्र हा रिकामटेकड्यांचा छंद आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या फलकाखाली उभं राहून पाहावं.

आता जी गोष्ट कुठल्याही यादीत बसत नाही, तिच्याकडे वळतो. वाद तीन तऱ्हांचा असतो, असं न्यायशास्त्र सांगतं. सत्य कळावं म्हणून केलेला तो वाद. जिंकावं म्हणून, छल किंवा शब्दच्छल काहीही वापरून केलेला तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची मोडत राहणं ही वितंडा. आज मराठीत वितंडवाद म्हणजे नुसतं हुज्जत घालणं, असा ढोबळ अर्थ उरला आहे; मूळ अर्थ जास्त नेमका आहे आणि आज जास्त गरजेचा. हेत्वाभासांची ओळख ज्याला झाली, त्याच्या हातात वितंडेचं हत्यारही आपोआप येतं. त्याला प्रत्येकाच्या बोलण्यातली फट दिसते, आणि आपण काय मानतो हे त्याला कधी सांगावंच लागत नाही. मी कॉलेजात असताना असाच होतो. माझ्या धाकट्या बहिणीने एकदा विचारलं होतं, "दादा, तुला सगळ्यांचं चुकलेलं कळतं, पण तुझं म्हणणं काय आहे?" त्या वेळी मी तिच्या प्रश्नातलीही एक चूक दाखवली होती. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी कितीतरी वर्षांनी देऊ लागलो.

म्हणून आता मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. समोरच्याचा युक्तिवाद खोडण्याआधी तो त्याच्यापेक्षा नीट मांडून दाखवायचा. त्याने न बोललेलं मधलं विधान आपण भरायचं, आणि भरताना त्यातल्या त्यात समंजस तेच भरायचं. बरेचदा मधलं विधान उघड्यावर आलं की त्यालाच त्याची अडचण दिसते. कधी कधी मला माझी दिसते. मलबारींच्या धर्मावर बोट ठेवणाऱ्याच्या मनातही, 'बाहेरच्याला आमच्या घरातल्या गोष्टींची पुरती माहिती नसते' हे मधलं विधान असणार. ते तसं मांडलं असतं, तर 'कोणती माहिती चुकली ते सांगा' असं विचारता आलं असतं, आणि वाद पुढे सरकला असता. पारशी एवढाच शब्द उच्चारला की पुढे सरकायला जागा उरत नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेलो. सळई गंजलेली होती. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर गेलो, त्या गृहस्थांची माफी मागितली आणि त्यांच्याकडून फोटो घेतले. दहा-बारा घरांच्या सह्यांचं पत्र समितीला दिलं. पुढे इंजिनिअर आले, त्यांनी बीमवर हातोडी ठोकत ठोकत फेरी मारली. काही जागी खणखणीत आवाज येत होता, काही जागी पोकळ. टाकी रिकामी करून दुरुस्ती झाली, दोन महिने आम्ही टँकरचं पाणी भरलं. पुढच्या वार्षिक सभेची विषयपत्रिका मी जपून ठेवली आहे. तीत टाकीच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर करणे हा विषय चौथा आहे, आणि सभासदांची थकबाकी वसूल करणे हा सातवा. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ चौथ्या विषयावर दहा मिनिटं बोलले आणि सगळ्यांनी ऐकून घेतलं. सातव्या विषयाला त्यांचं नाव वाचलं गेलं, तेव्हा त्यांनी तीन हप्त्यांत पैसे भरायचं कबूल केलं.